डाव्या दारापासूनचं माप

गाडी उद्यमनगरात शिरली तीच दुसऱ्या गिअरमध्ये. मला ती दिसायच्या आधी ऐकू आली. इंजिन रडकुंडीला आलं होतं, तरी चालवणारा काही तिसरा टाकत नव्हता. शेजारच्या लेथवरून दत्तू लोहारानं मान बाहेर काढली.

"इलाही, तुझं गिऱ्हाईक आलं बघ. गिअरबॉक्सचा जीव घेत आलंय."

गल्लीच्या तोंडाशी एक जुनी अ‍ॅम्बॅसॅडर वळली. साठच्या दशकातली, सायीच्या रंगाची, पत्रा कुठंही सडलेला नाही. आमच्या कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे शौकीन पुष्कळ, पण त्यांच्या गाड्या लग्नाच्या घोड्यासारख्या नटवलेल्या असतात. ही नटलेली नव्हती. नुसती सांभाळलेली होती. गाडी माझ्या दारात येऊन थांबली आणि स्टिअरिंगच्या बाजूनं साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या. सुती लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, हातात हिरव्या बांगड्या. उतरल्या उतरल्या त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. दमलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"इलाही मुजावर तुम्हीच काय?"

मीच म्हटल्यावर त्यांनी नाव सांगितलं. रत्नप्रभा मगदूम, मुरगूडच्या. गुरांचे डॉक्टर मगदूम त्यांचे यजमान. मग एका दमात काम सांगितलं. "ह्या गाडीला पाच गिअर पायजेत. हायवेनं पुण्याला जायचंय, पाडवा झाल्यावर."

त्या वेळी पुणे-बंगळूर रस्ता नुकताच चौपदरी झाला होता. ज्याला त्याला हायवेचं वेड. पण ही गाडी चार गिअरची, गिअरची काठी स्टिअरिंगच्या दांड्याला, ज्याला आम्ही हँड गिअर म्हणतो. असल्या गाडीनं हायवेवर सत्तरच्या वर गेलं की इंजिन किंचाळायला लागतं, आणि सत्तरनं गेलं की मागचे ट्रकवाले किंचाळायला लागतात. पाचवा गिअर मिळाला तर इंजिन त्याच वेगाला निवांत फिरतं. त्यासाठी नंतरच्या अ‍ॅम्बॅसॅडरचा पाच गिअरचा बॉक्स भंगार बाजारातून शोधून बसवावा लागतो, आणि त्याची काठी स्टिअरिंगला नसते, खाली जमिनीतून वर येते. काम सोपं नव्हतं, पण मी ते आधी केलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याएवढं चांगलं ते कुणी केलेलं नव्हतं.

तरी मी म्हणालो, काकू, एवढी अस्सल गाडी, तिची काठी कशाला उपटायची? हौसेनं घेणारा माणूस हिला डोळे मिटून घेईल, तिचं अस्सलपण घालवू नका. पुण्याला जायला भाड्याची गाडी मिळते.

"डॉक्टर दुसऱ्या गाडीत बसत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि हिच्यातही वर्षभर बसलेले नाहीत."

मग थोडं थोडं करत त्यांनी सांगितलं. डॉक्टरांची नजर काचबिंदूनं गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळे. वर्षभर ते घराची पायरी उतरले नव्हते. त्यांची लेक जयमाला, तीही गुरांची डॉक्टर, पुण्यात स्वतःचा दवाखाना काढत होती. खोल्या रंगवून तयार होत्या, पाटी लागली होती, पण पाटीवरचा कपडा अप्पांनीच काढायचा, नाहीतर दवाखाना उघडत नाही, असा लेकीचा हट्ट. आणि बापाचा हट्ट असा की मी कुठं जाणार नाही. जावई गाडी घेऊन आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणाले, आयुष्यभर मी गाडी घेऊन लोकांच्या दारात गेलो, आता मला कुणी सामानासारखं उचलून नेऊ नये.

"दोघं एकाच मातीचे," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. "पाडव्यानंतर ह्यांना पुण्याला न्यायचंय. आत्ता गेले नाहीत तर परत कधी उठायचे नाहीत त्या खुर्चीतनं. मला माहीत आहे."

मी विचारलं, मग पाच गिअर झाले की ते कसे काय बसणार? त्यांनी पिशवीतून सुतळीचा एक तुकडा काढला. तिला एके ठिकाणी गाठ मारलेली होती.

"नवीन काठीची मूठ ह्या गाठीपाशी आली पाहिजे. सुतळी डाव्या दारापासून धरायची."

मी सुतळी गाडीत धरून पाहिली. डाव्या दारापासून धरली तर गाठ गाडीच्या मध्याच्या अलीकडं येत होती, म्हणजे चालवणाऱ्यापासून लांब. मी म्हणालो, काकू, उजव्या दारापासून म्हणायचंय का तुम्हाला? चालवणारा उजवीकडं बसतो.

"डाव्या दारापासून," त्या म्हणाल्या. "माप आहे तेवढं धरा."

आता मला एक खोड आहे. गिऱ्हाईकानं कारण सांगितलं नाही की माझ्या पोटात दुखायला लागतं. बायको म्हणते, तुम्ही मेकॅनिक कसले, तुम्ही तर गल्लीतल्या रिकाम्या बायकांचे म्होरके. सुतळी मी खिळ्याला अडकवली, पण डोकं तिच्यातच अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी खोलायला घेतली आणि गोंधळ आणखी वाढला. आधी आतली सीट बघा. पुढं एकच लांब बाक. चालवणाऱ्याची जागा खोल बसलेली, ते ठीक. पण त्याच्या शेजारची, मधली जागाही तेवढीच खोल, आणि डाव्या खिडकीजवळची जागा अगदी कोरी. पुढं दोनच माणसं बसत असतील तर दुसरं माणूस खिडकी सोडून मध्ये कशाला येईल? मग गिअरची मूठ. चालवणारा माणूस काठीला उजवीकडून हात घालतो, मग मूठ त्या बाजूनं झिजायला हवी. इथं उजवी बाजू जवळजवळ नवी होती आणि डावी घासून गोटीसारखी गुळगुळीत. आणि तिसरी गोष्ट, स्टिअरिंगच्या दांड्यावर डाव्या अंगाला बारीक चरे, शेकड्यांनी, एकावर एक.

मी दत्तूला बोलावून चरे दाखवले. त्यानं चष्मा वर केला, बोट फिरवलं.

"बांगड्यांचे आहेत," तो म्हणाला. "आमच्या हिच्या पाटा-वरवंट्याशेजारी भिंतीला असेच आहेत."

"बांगड्या स्टिअरिंगच्या डावीकडं कशाला येतील?"

"ते तू विचार. तुलाच पोटदुखी आहे."

विचारायची संधी लवकर आली. जुन्या बॉक्सचा आवाज एकदा चालत्या गाडीत ऐकावा, त्यातली काही बेअरिंगं कामाला येतात का बघावं, म्हणून बॉक्स उतरवायच्या आधी मी एक चक्कर मारायचं ठरवलं. काकू नेमक्या त्याच वेळी आल्या होत्या. मी येतो बरोबर, म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात, त्यात नवल नाही. नवल पुढं होतं. त्या डावं दार उघडून आत आल्या आणि सरकत सरकत थेट माझ्या शेजारी, मधल्या जागेवर येऊन बसल्या. मी बिचारा अंग चोरून दाराला चिकटलो. गल्लीतली माणसं बघत होती.

शाहू नाक्याकडं निघालो. पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्यासाठी मी क्लच दाबला आणि डावा हात उचलला, तोवर काम झालं होतं. काकूंच्या उजव्या हातानं काठी धरून तिसरा टाकला होता. खट नाही, खुट नाही. लोण्यात सुरी जावी तसा. मी तोवर वीस वर्षं गिअर टाकत आलो होतो, पण इतका सफाईनं गेलेला गिअर मी ऐकला नव्हता. आणि बांगड्या दांड्याला घासून किणकिणल्या.

त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला. "सवय हो," म्हणाल्या, आणि लाजल्या.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात ते इथं अक्षरशः खरं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, काकू, आता सगळं सांगा, नाहीतर मला झोप लागायची नाही.

लेक लहान असताना डॉक्टर एका खोंडाला इंजेक्शन देत होते. खोंडानं त्यांना गोठ्याच्या खांबाशी दाबलं. डावा हात कोपरापासून खाली कामातून गेला. पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नव्हता, आणि गुरं काही हात बरा व्हायची वाट बघत नाहीत. एके दिवशी लांबच्या वाडीतून माणूस धावत आला, म्हैस अडली म्हणून. डॉक्टर गाडीत जाऊन बसले. उजव्या हातात स्टिअरिंग, पाय तिन्ही पॅडलवर, आणि गिअर टाकायला हात नाही. काकू लेकीला शेजारी सोपवून त्यांच्या बाजूला येऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, माझा डावा गुडघा खाली गेला की तू काठी ओढ. त्या दिवशी वाडीला पोचेपर्यंत गाडी दहा वेळा बंद पडली. म्हैस मात्र वाचली.

मग तेच आयुष्य झालं. कुठल्या चढाला कुठला गिअर, हे काकूंना बोलावं लागत नव्हतं. गुडघा खाली गेला की हात जायचा. मुरगूडकडचे लोक म्हणायचे, डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई बैलजोडीसारखी गाडी हाकतात. म्हशी सोडवायच्या, वासरं बाहेर काढायची, आणि परत येताना दोघं एक शब्द न बोलता घाट उतरायचे.

"स्टिअरिंगला मी कधी हात लावला नव्हता," त्या म्हणाल्या. "ह्यांची नजर गेल्यावर शिकलो. खळ्यावर, उजाडायच्या आत. पाय जमले, स्टिअरिंग जमलं. गिअर मात्र जमेना. माझा उजवा हात हुशार आहे, डाव्याला अक्कल नाही. म्हणून कालपर्यंत दुसऱ्यातच यायचो."

मला सगळं लख्ख कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. ह्या बाईला आता एकटीनं गाडी चालवायची आहे, डावा हात कच्चा आहे, आणि जुन्या काठीवर उजव्या हाताची सवय आडवी येते. म्हणून नवीन काठी हवी. मग ती काठी तिच्या जितकी जवळ तितकी बरी. सुतळी तिनं सवयीनं डाव्या बाजूनं मोजली, कारण तिचं सगळं आयुष्य डाव्या बाजूनं गाडीत चढण्यात गेलं. बिचारी गोंधळली. गरजवंताला अक्कल नसते, मिस्त्रीनं तरी वापरावी.

मी बॉक्स बसवला. त्या कामाचं वर्णन करायला लागलो तर मला थांबता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जुनं इंजिन आणि नवा बॉक्स यांची तोंडं जुळत नाहीत, त्यांच्यामध्ये बसेल अशी जाड प्लेट दत्तूनं लेथवर काढून दिली. मागचा शाफ्ट लांब पडला, तो कापून जोडला आणि तोलून घेतला. जमिनीचा पत्रा काठीपुरता कापला, कडा वळवल्या, वर रबराची टोपी बसवली. जुन्या काठीचा दांडा काकूंना परत द्यायला कागदात गुंडाळून ठेवला. शेवटी राहिली नवी काठी. दत्तूनं भट्टी पेटवली, काठी लाल केली आणि विचारलं, सुतळी कुठंय?

मी सुतळी उजव्या दाराला धरली.

"बाई डावं म्हणाली होती," दत्तू म्हणाला.

"बाईला गाडी चालवायची आहे. गोंधळलीय ती."

"गिऱ्हाईक सुतळी देतं, आपण सुतळीनं मापावं. आपलं काय जातंय?"

"माझं नाव जातं. चालवणाऱ्याच्या हाताला न पोचणारी काठी इलाही मुजावरनं बसवली, असं उद्या लोक म्हणतील."

काठी उजवीकडं वाकली. मूठ बसवून मी चालवणाऱ्याच्या जागेवर बसलो. डोळे मिटून हात खाली सोडला की मूठ तळव्यात. मी स्वतःवरच खूश झालो. दोन रस्ते फिरून आलो, पाचवा टाकला तेव्हा इंजिन असं गप झालं की दत्तूसुद्धा चांगलं म्हणाला, आणि तो चांगलं म्हणत नाही.

काकू आल्या. आधी चालवणाऱ्याच्या जागेवर बसल्या, एक चक्कर मारून आल्या. डाव्या हाताला अक्कल नाही म्हणणाऱ्या बाईंनी पाचही गिअर व्यवस्थित टाकले. काठी नवी, तिच्यावर जुनी सवय नव्हती. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. पण त्या उतरल्या, गाडीला वळसा घातला आणि डाव्या दारानं आत बसल्या. खिडकीजवळ, त्या कोऱ्या जागेवर. डोळे मिटले. डावा हात मांडीवर तसाच मेल्यासारखा ठेवला आणि उजवा हात हळूच खाली सोडला. हात हवेत राहिला. त्यांनी तो थोडा पुढं नेला, थोडा मागं, चाचपला. मूठ सापडली नाही.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "चुकलंय, इलाहीभाई."

मी समजावायला लागलो. काकू, तुम्ही चालवणार, काठी तुमच्याकडं हवी. डावीकडं वाकवली तर तुम्हाला प्रत्येक वेळी वाकून हात घालावा लागेल, तुमचा हात तिथवर पोचायचा नाही.

"माझा कशाला पोचायला पाहिजे?" त्या म्हणाल्या. "त्यांचा पोचला पाहिजे. त्यांचा उजवा हात शाबूत आहे."

दत्तूनं लेथ बंद केला.

"मी चालवणार, गिअर ते टाकणार. सामान म्हणून बसत नाहीत ना? मग कामाला बसवायचं. जुन्या काठीवर मी करून बघितलं. त्यांना दिसत नाही, काठी शोधायला गेले आणि बोटं स्टिअरिंगच्या आऱ्यांत अडकली. त्या दिवसापासून गाडीचं नाव काढलं नाही. ही काठी स्टिअरिंगपासून लांब आहे, म्हणून ही पायजे. आणि हात सोडला की सापडली पाहिजे. एकदा जरी चाचपावं लागलं तर ते परत बसायचे नाहीत. ते झोपल्यावर मी त्यांच्या हाताचं माप घेतलंय त्या सुतळीनं."

मी म्हणालो, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?

"तुम्ही दहा जणांना सांगितलं असतं. मुरगूडला कळलं असतं. ह्यांना कळलं असतं की त्यांच्यासाठी केलंय, मग संपलंच."

दहा जणांना सांगितलं असतं हे खरं होतं. दत्तूनं भट्टी पेटवली. काठी काढताना तेवढं पुटपुटला, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी ऐकून घेतलं. ह्या वेळी सुतळी त्यानं स्वतः धरली, डाव्या दारापासून, आणि गाठीपाशी मूठ आली तेव्हाच काठीवर पाणी मारलं.

काकूंनी मला बरोबर मुरगूडला चला म्हटलं. नवा बॉक्स आहे, वाटेत काही झालं तर माणूस असावा. त्यांनी म्हटलं नसतं तरी मी गेलो असतो. मागच्या सीटवर बसलो. त्या चालवत होत्या आणि गिअरसाठी त्यांना खरंच वाकावं लागत होतं, पण एकही गिअर चुकला नाही. कागल सोडलं, निढोरी सोडलं, आणि मुरगूडच्या अलीकडं त्यांचं घर आलं. पुढं मोठं अंगण, त्यात गाडी फिरेल एवढी जागा. सोप्यात वेताच्या खुर्चीत डॉक्टर बसले होते. उंच माणूस, पांढरा सदरा, डावा हात मांडीवर. शेजारी रेडिओ चालू होता.

गाडी अंगणात येताच त्यांनी रेडिओ बंद केला. "शाफ्टचा आवाज बदललाय," ते म्हणाले. हे आमच्याशी नव्हतं, स्वतःशीच होतं.

काकूंनी मला खूण करून उतरवलं, डॉक्टरांना नमस्कार करायला लावलं. डॉक्टरांनी बसा म्हटलं, कोल्हापूरची चौकशी केली, पण गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. काकू गाडीतच होत्या. त्यांनी अंगणात गाडी फिरवायला घेतली.

आणि बॉक्स ओरडला. दातावर दात घासल्याचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मी उठून उभा राहिलो. आत्ता एवढ्या वाटेत एकही गिअर न चुकवणारी बाई पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्लच अर्धाच दाबून काठी रेटत होती. परत एकदा. परत. माझ्या हातानं बसवलेल्या, बेअरिंग बदललेल्या बॉक्सचे दात माझ्यासमोर घासले जात होते. मी तोंड उघडलं. काकूंनी खिडकीतून माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटून घेतलं.

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा होता. गाईच्या पोटात काहीतरी अडकलंय आणि घरचे लोक भलतंच औषध पाजतायत, असं बघताना डॉक्टरचा चेहरा होत असेल तसा. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं आवळली. बॉक्स पुन्हा ओरडला.

"रत्ना," त्यांनी हाक मारली, "क्लच पुरता दाब."

"दाबलाय," आतून आवाज आला. "काठी आता खाली आलीय, हात चुकतोय. माझा डावा हात आहे हा, त्याला काय कळतंय?"

पुन्हा एकदा दात घासले. डॉक्टर उठले. पायानं पायरी चाचपली, दुसरी चाचपली, अंगणात आले. मी धरायला पुढं झालो, त्यांनी हात झटकला. आवाजाच्या दिशेनं चालत गाडीपर्यंत गेले, पत्र्यावरून हात फिरवत डाव्या दाराशी आले, दार उघडून आत बसले. मी दाराबाहेर उभा होतो. 

डॉक्टरांनी दार ओढून घेतलं आणि उजवा हात खाली सोडला. तो थेट मुठीवर पडला.

त्यांनी मूठ धरली. अंगठा वरून फिरवला, काठीवरून बोटं खाली नेली, जिथं ती वाकली होती तिथं थांबले. 

"ही माझ्याकडं का झुकलीय?"

काकू समोर बघत म्हणाल्या, "मिस्त्रींनी चुकून वाकवलीय."

उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात इलाही मुजावरची काठी चुकलीय, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. दत्तू तिथं असता तर त्यानं गुळाची ढेप वाटली असती. मी खिडकीशी वाकलो आणि म्हणालो, "माप चुकलं, डॉक्टर. दोन दिवस द्या, सरळ करून देतो."

डॉक्टरांनी चेहरा माझ्याकडं वळवला. त्यांना दिसत नव्हतं, पण मला वाटलं, सगळं दिसतंय. ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"असू दे," ते म्हणाले. "पोचतोय हात."

मग काकूंना म्हणाले, मला तुझा गुडघा दिसत नाही, क्लच दाबलास की हं म्हण. काकू हं म्हणाल्या. पहिला गेला. हं. दुसरा गेला. अंगणात दोन फेऱ्या झाल्या आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. मला कुणी चल म्हटलं नाही. मीच धावत जाऊन मागचं दार उघडून आत पडलो.

ते थेट हायवेपर्यंत गेले. वाटेत डॉक्टर विचारत होते, निढोरीची चढण आली का? गाडी कण्हायला लागली की तिसरा मागत होते, आणि काकूंचं हं यायच्या आत त्यांचा हात तयार असायचा. कागलपाशी हायवेला लागलो. चौथा झाला. पाचव्यासाठी काठी कुठं न्यायची हे मी मागून एकदाच सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "पुढं काय आहे?"

"मोकळा रस्ता," काकू म्हणाल्या.

"मग?"

"हं."

पाचवा गेला आणि इंजिन शांत झालं. इतकं शांत की डॉक्टर दचकले, गाडी बंद पडली का म्हणाले. काकू हसायला लागल्या. मला तोंड फिरवून खिडकीबाहेर बघावं लागलं, कारण मोठ्या माणसानं दुसऱ्याच्या गाडीत रडू नये.

पाडव्यानंतर ते पुण्याला गेले. पाटीवरचा कपडा डॉक्टरांनी काढला. जावई मागून स्वतःच्या गाडीतून चालला होता आणि त्याला ह्यांना गाठताना घाम फुटला, असं काकूंनी नंतर फोनवर सांगितलं. तिथून पुढं ते सौंदत्तीला गेले, श्रवणबेळगोळला गेले, कुठं कुठं गेले. बॉक्सचं तेल बदलायला गाडी यायची तेव्हा मी आधी मूठ बघायचो. काळा रंग डावीकडून उडत चालला होता.

बरीच वर्षं गेली. दत्तूचा लेथ आता त्याच्या जावयाकडं आहे. एका सकाळी गल्लीत आवाज आला आणि मी न बघता ओळखला. प्रत्येक गिअर जागच्या जागी, पण दोन गिअरांच्या मध्ये थोडा उशीर लागत होता, हात लांबून येत असल्यासारखा. काकू एकट्या उतरल्या. डॉक्टर जाऊन चार-सहा महिने झाले होते. मला कळलं होतं, मी मुरगूडला जाऊनही आलो होतो. त्यांनी तेल बदलायला सांगितलं आणि स्टुलावर बसल्या.

तेल बदलून झालं. मी हात पुसले आणि म्हणालो, "काकू, आता काठी तुमच्याकडं वाकवून देऊ? तासाभराचं काम आहे. तुम्हाला वाकावं लागतं."

त्यांनी गाडीकडं बघितलं, डाव्या खिडकीकडं.

"नको, इलाहीभाई," त्या म्हणाल्या. "पोचतोय हात."